वैनीसाहेबांची तब्येत

आमच्या घरमालकांइतका उर्मट माणूस अख्ख्या कोल्हापुरात नव्हता आणि कोंबड्यांशी त्यांच्याइतक्या अदबीनं बोलणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. सत्तरच्या सुमारास मंगळवार पेठेत त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. दार उघडलं की परसू, आणि परसात मालकांच्या डझनभर गावठी कोंबड्या. मला ते 'ए मास्तर' म्हणत. कलेक्टर आला असता तरी 'पावणं, चपला भाईर' एवढंच म्हणाले असते. पण सकाळी खुराड्याची फळी सरकवताना हाच आवाज लोण्यासारखा व्हायचा, "या थोरल्या वैनीसाहेब, झोप झाली न्हवं?" प्रत्येक कोंबडी कुणीतरी साहेब होती: धाकट्या वैनीसाहेब, ताईसाहेब, माईसाहेब. कोंबडा तेवढा 'जावईबापू', कारण तो काहीही काम न करता छाती काढून हिंडायचा आणि चांगलंचुंगलं आधी खायचा. एकदा मालकांचे खरे जावई पेठ वडगावहून आले. ते ओट्यावर चपला काढत असताना परसातून मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, ओरडल्या, "अवो, त्या जावयाला हाकला की आदी! सगळं दाणं संपीवतोय!" पावणं उलट पावली एस. टी. स्टँडकडे निघाले. मालकांनी धावत जाऊन त्यांना परत आणलं आणि पुरावा म्हणून कोंबडा समोर धरला. त्यानं जावयांचं समाधान झालं असं वाटलं नाही, पण जेवले.

कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली की इतर लोक तिला पाण्यात बुचकळून उठवतात. मालक तिच्याखाली अंडी ठेवत आणि घरादाराला कुजबुजत बोलायला लावत. पिसवा झाल्या की काकूंच्या चुलीतली राख चाळून कोंबड्यांना लोळायला पसरत आणि भांडी घासायला काकूंकडे राखच उरायची नाही. त्या परसात एकाच शब्दाला बंदी होती, तो म्हणजे मानमोडी. हा रोग आला की कोंबडी मान वाकडी करून गिरक्या घेते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. मी एकदा तो शब्द उच्चारला तर मालक दबक्या आवाजात म्हणाले, "नाव घिऊ नगंस. त्याला ऐकू येतंय."

त्या वर्षी ऊन तापलं आणि अंडी आटली. मालकांनी अशक्तपणाचं निदान केलं. आमच्याकडे अशक्तपणावर कोंबडीचा तांबडा रस्सा देतात, पण कोंबड्यांना रस्सा द्यायचा म्हणजे नात्याचा प्रश्न येतो. म्हणून त्यांनी काकवी निवडली. नेसरीच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळावरची ती घट्ट, तांबूस काकवी त्यांनी पिण्याच्या पाण्यात कालवली. असला ऐवज ओतून कसा टाकायचा, म्हणून पाण्याचं ते पसरट मातीचं परळ रिकामं न करता रोज वरून नवी भर घालत राहिले. उन्हात परळावर फेस धरायचा. मालकांना तो काकवीचा कस वाटायचा.

एका रविवारी सकाळी "मास्तर!" अशी हाक आली आणि त्या हाकेत उर्मटपणा औषधालाही नव्हता. मी बाहेर धावलो. थोरल्या वैनीसाहेब मान तिरपी करून गिरक्या घेत होत्या. ताईसाहेब भिंतीला टेकल्या होत्या. जावईबापू आरवायला गेले आणि तोंडावर पडले. मालक मातीत फतकल मारून बसले होते, चेहरा पांढराफटक. शेजारचा गडी भिंतीवरून म्हणाला, "मालक, पसरायच्या आदी समद्या कापून टाका."

"आदी मला काप," मालक म्हणाले.

मी सायकल हाणत जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी चोच उघडून बघितली, पंख उचलले, मान चाचपली. मग परळाशी वाकले, बोट बुडवून हुंगलं आणि बराच वेळ तोंडाला रुमाल लावून उभे राहिले.

"मालक, मानमोडी नाही ही. कोंबड्या प्यायल्यात."

"काय?"

"काकवी आंबून दारू झालीय. सावलीत ठेवा, साधं पाणी द्या. संध्याकाळपर्यंत उतरेल."

काकूंचा पदर तोंडावर गेला. "ह्या घरात कुनी सुपारीचं खांडबी तोंडात घाटलं न्हाय, आणि तुमी कोंबड्यांस्नी गुत्ता काढलासा?"

भिंतीपलीकडे हसण्याचा गदारोळ उठला. मीही पोट धरून हसत होतो. मग मालकांकडे लक्ष गेलं. ते रडत होते, लहान मुलासारखे, नाक ओढत. लेक सासरी, मुलगा लांब नोकरीला. "मास्तर," ते म्हणाले, "मला वाटलं, उद्या सकाळी उटून हाक कुनाला मारायची?"

भर उन्हात परसात सावली कुठली? खुराडंही भट्टीसारखं तापलेलं. मालकांनी घरातून काळी छत्री आणली, सगळ्या साहेब लोकांना जवळ गोळा केलं आणि स्वतः उन्हात बसून छत्री त्यांच्यावर धरली. हात अवघडला की हात बदलत. काकू रागातच चहा घेऊन आल्या, कप ठेवला, आणि जायच्याऐवजी पदर डोक्यावर ओढून शेजारी बसल्या. मी म्हणालो, "मालक, उन्हं कलली. उठवू का त्यांना?"

"झोपू दे रे," ते हळूच म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी त्या लोण्यासारख्या आवाजात बोलले. "रोज माझ्यासाटी उटत्यात. आज एक दिस झोपू दे."

नंतर बदल्या होत मी बऱ्याच गावांतल्या बऱ्याच घरांत राहिलो. घरमालक सगळे सभ्य मिळाले, अहो-जाहो करणारे. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मला त्या झिंगलेल्या कोंबड्यांचा हेवा वाटला होता, आणि तो अजून गेलेला नाही.