पापडांच्या रांगेतली कबड्डीपटू

मला कबड्डीच्या टीममधून लबाडीच्या आरोपावरून काढलं होतं, आणि तो आरोप मी स्वतःच कबूल केला होता.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मी नववीत असतानाची. विक्रोळीतल्या एका मंडळाची मुलींची टीम मालाडला स्पर्धेला जाणार होती. आमच्या चाळीतून मी एकटीच तिथे सरावाला जायचे. दम धरण्यात माझा हात कुणी धरला नसता (मी जिन्यात सराव करायचे, खालच्या मजल्यावरचे लोक साक्षीला आहेत). पण सराव घेणाऱ्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "ही सावलीतली पोरगी दिसते. दुपारच्या मॅचला भोवळ येऊन पडेल. रविवारी खेळवून बघू."

सावलीतली! का, तर मी गोरी. आमची आई आल्यागेल्यापुढे माझा हात असा धरायची, की जणू बाजारातून घासाघीस करून आणलाय. आणि त्याच गोरेपणापायी माझी जागा जाणार? डोकंच फिरलं माझं. ठरवलं, रविवारपर्यंत काळं व्हायचं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. आईला म्हटलं, गच्चीवर पापड राखायला मी बसते. मी इकडची काडी तिकडे न करणारी, त्यामुळे आईला गहिवरून आलं. वर जाऊन भावाची हाफ पँट आणि बनियन चढवलं, अंगभर खोबरेल चोपडलं (तेलाने रंग लवकर चढतो, ही शेजारच्या सुलूताईची अक्कल) आणि अकरा ते दोन पापडांच्या रांगेत आडवी झाले. पापड उलटले तेव्हा मीही उलटले. कावळ्यांनी चार पापड नेले, मला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी मी काळी नव्हते, लालभडक होते. पाठीवर आणि दंडांवर हे एवढाले फोड! आई कळवळली, "गो, ह्यां काय करून घेतलंस?" पापड राखताना ऊन लागलं, असं मी सांगितलं. डॉक्टरांनी मात्र माझ्या तेलकट दंडाकडे पाहिलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. म्हणाले, "कातडी अशी वारंवार भाजली तर पुढे कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. उन्हात जायचं तर टोपी आणि पूर्ण बाह्या. आणि तेल अजिबात लावायचं नाही."

आईने त्यातला कॅन्सर एवढाच शब्द ऐकला. तासाभरात अख्खी चाळ मोसंबी घेऊन मला बघायला आली. पापडांसाठी पोरीने जीव धोक्यात घातला, म्हणून माझं कौतुक झालं. आणि आई डोळे पुसत दिवसातून तीनदा मला खोबरेल लावू लागली.

रविवारी मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मैदानात उतरले. कुणी धरलं की ब्रह्मांड आठवायचं, पण दम सोडला नाही. आणि गंमत बघा, मनगट धरलं तरी मी निसटायचे, पाय धरला तरी निसटायचे. तीन चढाया, तिन्ही वेळा परत! सर खूश. शाबासकी द्यायला त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि तोही सटकला.

सरांनी स्वतःची बोटं हुंगली. "अंगाला तेल लावून आलीस?"

कबड्डीत तेल लावून उतरणं म्हणजे लबाडी, हे शेंबडं पोरही सांगेल. आता खरं बोलावं, तर तीन तासांच्या उन्हाने ही पोरगी भाजली, म्हणजे सावलीतलीच! तो शिक्का मला जन्मात पुसता आला नसता.

"हो सर," मी म्हटलं. "कुणी पकडू नये म्हणून लावलं."

पुढच्या आठवड्यात सालपटं निघाली आणि खालून आधीपेक्षाही गोरी कातडी आली. चाळीतल्या बायका आईला विचारायला लागल्या, पोरीला काय लावता हो?

परवा माझी लेक म्हणाली, मैत्रिणींबरोबर गोव्याला जाऊन मस्त टॅन होणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांचं सगळं व्याख्यान ऐकवलं, टोपी दिली, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट बॅगेत कोंबले. ती म्हणाली, "तुला काय कळतं गं उन्हातलं? तू तर सावलीतली."

मी ताठ मानेने सांगितलं, की मी कबड्डी खेळायचे आणि लबाडी करताना पकडले गेले होते.