सुभेदार पितात का?

"रक्तात दारू घावली का?" हौसाकाकूंनी काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारलं. मागच्या बाकावर त्यांचे यजमान, रिटायर्ड सुभेदार आनंदराव, मान खाली घालून बसले होते.

रहिमतपुरात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सुभेदारांचं रक्त सकाळीच घेतलं होतं. गावातल्या डॉ. शहांनी लिव्हरच्या टेस्ट, रक्तपेशींची तपासणी आणि कोलेस्टेरॉल सांगितलं होतं. चिठ्ठीवर 'अल्कोहोल' लिहून पुढं प्रश्नचिन्ह.

"काकू, या टेस्टमध्ये दारू दिसत नाही. लिव्हरला त्रास आहे का, तेवढं कळतं."

"मग हाय का त्रास?"

"म्याडम, थेंब बी घेत न्हाई," सुभेदार म्हणाले. आवाज घोगरा, जीभ जड. ऐकणाऱ्याला वाटावं, सकाळीच घेऊन आलेत. काकूंनी 'ऐका आता' अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं.

चार-सहा महिन्यांपासून हेच चाललं होतं. दिवसभर झोप, सुजलेलं तोंड, चालताना तोल जायचा. मिलिटरी कँटीनची रम आपण मित्रांना वाटतो, असं सुभेदार सांगायचे. भावकीत कुणाचा विश्वास नव्हता. शुक्रवारी मुलगा त्यांना मिरजेला व्यसनमुक्ती केंद्रात भरती करणार होता.

रिपोर्ट पाहिला. एसजीओटी दुप्पट. हे एन्झाइम लिव्हर बिघडलं की वाढतं. तांबड्या पेशींचा आकारही मोठा. पिणाऱ्यांच्या रक्तात या दोन्ही गोष्टी नेहमी दिसतात. मीही मनातल्या मनात सुभेदारांना दोषी ठरवून टाकलं.

पण जीजीटी, लिव्हरचंच दुसरं एन्झाइम, नॉर्मल होतं. रोज पिणाऱ्याचं बहुतेकदा हेच आधी वाढतं. शिवाय एसजीओटी नुसतं लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंतही असतं. उरलेल्या रक्तावर मी सीपीके लावलं. ती स्नायूंची टेस्ट. पाचपट आलं. कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर.

मी बाहेर आले. मे महिन्यात सकाळी अकरा वाजता सुभेदार स्वेटर घालून बसले होते.

"काका, थंडी वाजते?"

"लय. आन् मांड्या भरून येत्यात. उठवत न्हाई."

"पोट साफ होतं?"

"चार-चार दिस न्हाई," उत्तर काकूंनी दिलं.

मी डॉ. शहांना फोन लावला. "सर, टीएसएच लावू का?"

"थायरॉइड? लिव्हरचं काय मग?"

"लिव्हर बरं असावं, सर. सीपीके पाचपट आहे, जीजीटी नॉर्मल. माणूस स्वेटरमध्ये बसलाय."

"लाव. शुक्रवारचं मी थांबवतो."

टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉइडला जाणारी हाक. थायरॉइड काम करेनासं झालं की हाक वाढत जाते. नॉर्मल साधारण पाचच्या आत. तासाभरानं सुभेदारांचं शंभरच्या वर निघालं. थायरॉइड मंदावलं की सगळं शरीरच मंदावतं. बोलणं, चालणं, पोट, सगळं. स्नायूंतली एन्झाइमं रक्तात उतरतात, कोलेस्टेरॉल साचतं, तांबड्या पेशीही मोठ्या होतात.

काकूंना मी हे समजावून सांगितलं.

"म्हंजी, ह्ये घेत न्हवते?"

"मला तसं काही दिसत नाही."

काकू नवऱ्याकडं वळल्या. "मग नीट सांगायचं न्हाई व्हय?"

"रोज सांगत हुतो की."

"आवं, सांगताना जीभ अशी जड! कोण इस्वास ठेवंल?" मग सुभेदारांच्या काखेत हात घालून काकूंनी त्यांना बाकावरनं उठवलं. तो हात जिना उतरेपर्यंत तसाच होता.

डॉ. शहांनी ईसीजी काढून थायरॉइडची गोळी लहान डोसनं सुरू केली, पुढं वाढवली. रोज सकाळी उपाशीपोटी. दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं. टीएसएच निम्म्याहून खाली, सीपीके आणि एसजीओटी जवळपास नॉर्मल. लिव्हरचं एकही औषध दिलं नव्हतं. "राम राम, म्याडम!" अशी सुभेदारांची खणखणीत हाक आली तेव्हा आतला टेक्निशियन दचकला.

"आता पाचला उठत्यात आन् समद्यास्नी उठवत्यात," काकूंनी तक्रार केली. चेहरा मात्र तक्रारीचा नव्हता.

सीपीके, कोलेस्टेरॉल किंवा पेशींचा आकार उगाच वाढलेला दिसला, की आता मी डॉक्टरांना टीएसएचची आठवण करते. पेशंटला दारूबद्दल जरूर विचारावं. तो 'नाही' म्हणाला, तर तेही उत्तर म्हणून लिहून घ्यावं.