बेकलाइटची मूठ

आमचा दिलदारमामू औंदा गेला. आजूनबी त्याचं नाव निघालं की मेहमुदामामी आधी हसती, मग पदर डोळ्याला लावती.

मामू तालमीतला गडी. एकदा पकड धरली की सोडायचा न्हाय, ह्यातच त्याची सगळी शान. कुस्ती सुटली आन् चौऱ्याहत्तर साली त्यानं उद्यमनगरात हातप्रेस टाकली. श्रीपालअण्णांच्या कारखान्यात इंजिनं व्हायची, त्या इंजिनांच्या दांड्याला बेकलाइटची, म्हंजी कडक प्लॅस्टिकची, काळी मूठ लागायची. तापल्या साच्यात पूड टाकायची, वरनं दाबून धरायची, की मूठ तयार. इंजिन कितीबी तापू दे, वितळायची न्हाय.

पण मामूच्या मुठींवर फोड यायचं. इंजिन तापलं की तडकायच्या. दोन खेपा माघारी आल्या.

अण्णा म्हणाले, "दिलदार, आता तडकल्या तर काम पुण्याला देतो बघ. गिऱ्हाईक मला शिव्या घालतंय."

मामूनं काय करावं? आनखी जोरानं दाबायला लागला. पार प्रेसच्या दांड्याला लोंबकाळायचा. फोड आनखी मोठं!

मामी कानशीनं मुठींच्या कडा घासायला बसायची. एका शुक्रवारी मामू नमाजला गेलता, तवा तिनंच चार मुठी काढल्या. तिच्यानं दांडा धरवंना. मधीच सुटला, फुस्स करून वाफ निघाली, तिनं परत दाबला. चारी मुठी आरशागत.

मामू आला, उलट्यासुलट्या करून बघितल्या. "कुठनं आणलीस ह्या?"

"मी काढल्या. आत वाफ कोंडती म्हणून फोड येत्यात. मधी एकदा ढिल्लं सोडा की."

"मी? धरल्यालं सोडू?"

"मग बसा धरून. पुण्याची माणसं सोडत असतील, म्हणून तर अण्णा तिकडं निघाल्यात."

मामू जेवला. मग उठला, पूड टाकली, दाबली, आन् दात-ओठ खात दांडा ढिल्ला सोडला. वाफ गेली. परत दाबला.

ती मूठ बसवून अण्णांनी दिवसभर इंजिन पळवलं. सांजच्याला मूठ हाय तशी.

"पाठव रं सगळा माल," अण्णा म्हणाले. "पण युक्ती काय केलास, गड्या?"

भोवती सगळं कामगार, त्यात तालमीतली दोघं. मामू छाती काढून म्हणाला, "बायकूनं शिकवलं. माझी वस्ताद हाय ती."

तालमीतलं एक फिदीफिदी हसलं.

घरी कळल्यावर मामी लाजून लाल. "गावभर कशाला सांगायचं वो?"

दुसऱ्या दिवशी मामूनं प्रेसचा दांडा तिच्या हातात दिला, आन् आपण कानस घेऊन खाली बसला.