विहीर कोणी सरकवली?

ती घटना मी विसरलो नाही. विसरायचा प्रयत्न मात्र बरीच वर्षं केला. हिंजवडीच्या बाजूला तेव्हा कंपन्यांच्या इमारती नुकत्याच उठू लागल्या होत्या आणि मी तिथल्या पोलीस चौकीत उपनिरीक्षक होतो.

एका सकाळी एक बिल्डर खबर घेऊन आला. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने हद्दीचा दगड सरकवून आपली जमीन दाबली, असं त्याचं म्हणणं. सोबत मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स होती. खाली छापलं होतं: एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर.

मी फूटपट्टी लावली. म्हाताऱ्याच्या विहिरीपासून दगडापर्यंत नऊ सेंटिमीटर, म्हणजे नव्वद मीटर. दोन पंच घेऊन जागेवर गेलो, टेप धरला. एकशेवीस भरले. तीस मीटर जास्त! पंचनामा करून गुन्हा नोंदवला आणि म्हाताऱ्याला चौकीत आणलं.

"दगड जिथं हाय तिथंच हाय, सायेब. माझ्या आज्याच्या टायमापासनं."

"मग नकाशा खोटं बोलतो का?"

"नकाशातलं मला काय कळतंय?"

तीन तास मी तोच प्रश्न विचारत राहिलो. आवाज चढवला, पाणीही उशिरा दिलं. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर सरकला असंल." मी तो कबुलीजबाब धरला. पोलिसांनीच मोजलंय म्हटल्यावर गावातून जामीन राहायला कोणी पुढे आलं नाही. म्हातारा येरवड्याच्या तुरुंगात गेला.

चौथ्या दिवशी त्याची मुलगी कर्वेनगरहून आली.

"अहो साहेब, देवळापासून विहीर मोजलीत का?"

"त्याची गरज काय?"

"मोजा तर. सरकारी टेप झिजणार नाही."

नकाशावर ते अंतर सहा सेंटिमीटर होतं, म्हणजे साठ मीटर. हवालदाराने देवळाच्या पायरीशी टेपचं टोक धरलं. विहिरीपाशी ऐंशी आले.

"म्हणजे विहीरही बाबांनीच सरकवली म्हणायची," ती म्हणाली. "वीस मीटर, पाण्यासकट."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. एकशेवीसचे नव्वद, ऐंशीचे साठ; दोन्हीकडे नकाशा पाऊणच भरत होता. माणूस एखादा दगड हलवील, पण अख्खं शिवार एकाच प्रमाणात कसं ताणील?

भूमी अभिलेख कार्यालयात मूळ नकाशा काढायला लावला. तो मोठ्या कागदावर होता आणि त्यावर विहीर ते दगड बारा सेंटिमीटर होतं. फाइलमध्ये बसावा म्हणून बिल्डरच्या कारकुनाने झेरॉक्स लहान करून घेतली होती. रेषा पाऊणपट झाल्या, खाली छापलेला आकडा तसाच राहिला. त्यात लबाडी कोणाची नव्हती. त्याच कागदावर मी बिल्डरचा प्लॉट मोजला असता, तर लांबी-रुंदी दोन्ही पाऊण झाल्याने त्याचं क्षेत्रफळ नोंदीच्या निम्म्याच्या जरा वरच भरलं असतं आणि तिथेच शंका आली असती. पण संशय ज्याच्यावर, मोजमापही फक्त त्याचंच, अशी आमची पद्धत.

म्हातारा सुटला. मुलीने एवढंच मागितलं, "दगड हलला नव्हता, असं लिहून द्या."

मी म्हणालो, "सुटलेत ना? घरी न्या त्यांना."

तसं लिहिलं असतं तर माझा पंचनामा खोटा ठरला असता. म्हणून अहवालात लिहिलं: गुन्हा खरा, पुरावा अपुरा. या प्रकरणाआधी गावात बांधाचा वाद निघाला की निवाड्याला त्याच म्हाताऱ्याला बोलवत. त्यानंतर मरेपर्यंत कोणी बोलावलं नाही. हे मला हवालदाराकडून कळत होतं, तरीही मी गप्प राहिलो.

नकाशावरचं प्रमाण ताडून पाहायला दुसरं एक अंतर मोजावं लागतं, हे त्या प्रकरणाने शिकवलं. पुढे प्रत्येक तपासात मी ते पाळलं, त्याबद्दल शाबासकीही घेतली. मात्र ज्याच्यामुळे शिकलो, त्याच्या नावावरचा डाग तसाच ठेवला. तेव्हा आज, माझ्या सहीनिशी: दगड हलला नव्हता. कबुली मी वदवून घेतली होती. अहवाल खोटा होता.