युद्धकैद्यांना वाढलेलं भरीत
शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली, की त्या धुराबरोबर मला माझा लष्करी पराक्रम आठवतो. पराक्रम म्हणजे भरीत. लढाई नुकतीच संपली होती आणि मी युद्धकैद्यांच्या छावणीत स्वयंपाकी होतो. सुटीवरून परतताना घरची हिरवी वांगी पोतंभर नेली आणि एका दुपारी कैद्यांना भरीत वाढलं, मिरची आमच्या जळगावच्या हाताने. थोड्याच वेळात त्यांचा पकडलेला मेजर आमच्या कर्नलसाहेबांसमोर उभा, एका हातात ताट, दुसऱ्यात तक्रारीचा कागद. “माझ्या माणसांना जळकं अन्न देता? वर तिखटाची शिक्षा?” साहेबांनी मला बोलावलं. दंडावरची फीत गेलीच, असं धरून मी खरं ते सांगितलं, “साहेब, आमच्याकडे पाहुणा आला की भरीतच करतात. वांगीही घरचीच आहेत.” साहेबांनी त्याच ताटात हात घातला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. डोळ्यांतून धारा, पण पाण्याला शिवले नाहीत. मग म्हणाले, “मेजर, तक्रार जरूर द्या. त्यात एवढं लिहा, की आमच्या स्वयंपाक्याने तुमच्या माणसांना पाहुणे मानलं.” तेवढा ताठ मी परेडलाही कधी उभा राहिलो नव्हतो. मेजरने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “मग पाहुण्यांना दही मिळेल का?” मी पळतच गेलो. आजही नातू ओरडतो, “आबा, मिरच्या कमी टाका!” मिरच्या मी कमी करत नाही, दह्याचं भांडं मात्र आधी मांडतो.