पेढ्याच्या वाटीत काकडी

"माह्या पोरीले उपाशी मारून राह्यली हे बाई," वडनेरच्या विहीणबाई सेलूच्या भर रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या. मागे छकडा उभा होता. बैलांनी लाजेने माना खाली घातल्या होत्या. मी फुगवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे, तो मला मान्य आहे. पण त्या दुपारी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला आणि गावात कोणाला ऐकूच आला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्या आमच्या काकू दारात उभ्या, पदर खोचलेला, दोन्ही हात कमरेवर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विहिणीला विचारलं, "जेवन झालं?"

विहीणबाई गोंधळून हो म्हणाल्या.

"मंग चाला थोडं. जेवल्यावर असं एका जागी उभं राहू नाई."

हे काकूंचं ठरलेलं वाक्य. कलेक्टर समोर आला असता तरी त्यांनी त्याला जेवण झालं का विचारून स्टेशनाच्या रस्त्याला पिटाळलं असतं.

काकू म्हणजे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांच्या आई. मीही त्याच शाळेत मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचो. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे कोणी कूस बदलली की इकडे माझी खाट करकरायची. त्यामुळे त्या घरातलं मला जेवढं ठाऊक होतं, तेवढं खुद्द मास्तरांनाही नसावं.

खरं तर एके काळी काकूंची कीर्ती अगदी उलट होती. त्यांच्या हातचा शिरा खाऊन निघालेल्या पाहुण्याचा सदरा कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर अंगाला तंग व्हायचा. सूनबाईंना पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तर त्या घरात चुलीला उसंत नव्हती. डिंकाचे लाडू, साखरभात, शिकरण. सेलूत केळीला काय तोटा, घडच्या घड यायचे. सूनबाई नको म्हणाल्या की काकू म्हणायच्या, दोन जिवांची आहेस, एका जिवाचं काय खातेस.

बाळ जन्मलं तेच मोठं. चांगलं गुबगुबीत, वजनदार. ते रडलंच नाही. इथे मी काहीही वाढवून सांगत नाही.

त्यानंतर नातेवाईक येऊ लागले. चहा प्यायचे आणि जाता जाता मास्तरांना दुसऱ्या लग्नाचं सुचवायचे. तेव्हा तशी लग्नं सर्रास होत. एका मामांनी तर नाचणगावची मुलगीही पाहून ठेवली होती. सूनबाई कपबश्या विसळत सगळं ऐकायच्या.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मास्तर त्यांना वर्ध्याला घेऊन गेले. काकू बरोबर होत्याच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि सांगितलं की साखर जाते आहे. दोष कोणाचा नाही, काही बायकांच्या शरीराला या दिवसांत साखर झेपत नाही, मागचं बाळही बहुधा त्यामुळेच गेलं असावं. पथ्य नीट पाळलं तर निभेल. नाही निभलं तर इन्सुलिनची सुई आहेच. काकूंनी यातलं 'दोष कोणाचा नाही' हे ऐकलंच नाही. परतीच्या गाडीत त्या सेलू येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या, असं मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला गूळ, साखर आणि केळी वाटून टाकली, आणि त्या घरात डॉक्टरीणबाईंचं राज्य सुरू झालं. ज्वारीची भाकर, पालेभाजी, घट्ट वरण, मटकीची उसळ, ताक. भात देवाला दाखवण्यापुरता. एकदम पोटभर खायचं नाही, दर दोन-तीन घंट्यांनी थोडं थोडं. मूठभर फुटाणे देतानाही काकू सुनेची मूठ उघडून पाहायच्या. आणि जेवण झालं की दोघी स्टेशनाच्या रस्त्याला. काकू पुढे, सूनबाई मागे, पोट सांभाळत.

मास्तर आठवड्यातून काही वेळा दार लावून स्पिरिटचा दिवा पेटवत. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि मग उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं होत विटेच्या रंगावर गेलं तर साखर. नळी निळी राहिली की भिंतीपलीकडून काकूंचा सुस्कारा यायचा, आणि त्याने माझ्याकडचं कॅलेंडर हलायचं. स्पिरिटच्या वासामुळे मास्तर घरी दारू गाळतात अशी बातमी गल्लीत पसरली. काकूंनी ती खोडून काढली नाही. उलट एकीला विचारलं म्हणे, तुले पाह्यजे का.

कारण खरं सांगायचंच नव्हतं. सुनेला साखरेचा रोग आहे असं एकदा गावात झालं असतं, की तेच मामा नाचणगावची मुलगी घेऊन दारात उभे राहिले असते. मी एकदा न राहवून काकूंना म्हणालो की बायका तुम्हाला नाही नाही ते बोलतात, निदान दोघी-तिघींना तरी सांगा. त्या भाजी निवडत होत्या.

"मले बोलू द्या, मास्तर. मले का कोनी सवत आनून राह्यलं?"

मग आलं डोहाळजेवण. ते टाळणं शक्यच नव्हतं. तुम्हाला तो खेळ माहीत असेल: झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भारशीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि जे निघेल ते सगळ्यांसमोर खायचं. सूनबाईंनी वाटी उघडली. आत काकडीची फोड. बायकांनी दुसरी वाटी उघडायला लावली. आत मुळा. माजघरात अशी शांतता पसरली की मला भिंतीतली वाळवी ऐकू आली. मग काकडी म्हणजे मुलगा की मुलगी यावर जो वाद पेटला, तो हायकोर्टात गेला असता तर अजून चालू असता. सूनबाईंनी मात्र काकडी कुरकुर वाजवत संपवली. संध्याकाळपर्यंत गावाने निकाल दिला: सुनेच्या तोंडचा पेढा काढणारी सासू.

हीच बातमी वडनेरला पोचली आणि छकडा दारात आला. बाळंतपण माहेरीच होणार, पोरीला आत्ताच्या आत्ता घेऊन जाते, असं विहीणबाईंचं म्हणणं. रीत त्यांच्याच बाजूने होती. पण वडनेरला ना निळी नळी, ना डॉक्टरीणबाई. होते फक्त आईच्या मायेचे लाडू. विहीणबाईंना कानात खरं सांगण्याची सोय नव्हती, कारण त्यांच्या कानात सांगितलेलं तीन तालुक्यांत ऐकू जायचं.

काकू आत गेल्या. ज्वारीच्या पिठाचा डबा, दिवा आणि नळीची पेटी घेऊन बाहेर आल्या आणि सरळ छकड्यात जाऊन बसल्या.

गल्ली आ वासून बघत राहिली. सुनेच्या बाळंतपणाला तिच्या माहेरी सासूने जाऊन बसायचं, असं ब्रह्मदेवानेही कधी पाहिलं नसेल. भावकीला काय तोंड दाखवायचं, विहीणबाई म्हणाल्या. काकू म्हणाल्या, मी कोपऱ्यात बसीन, भाकर माही मी थापीन. विहीणबाईंनी बराच वेळ बैलांकडे पाहिलं. शेवटी त्यांनीच बैल सोडायला लावले आणि मुलीजवळ सेलूला राहिल्या.

त्या संध्याकाळी फिरायला तिघी गेल्या. काकू मुद्दाम खूप पुढे चालत होत्या. मागे मायलेकी. परत आल्या तेव्हा विहीणबाईंचे डोळे सुजले होते, आणि त्या रात्री भाकरी त्यांनी थापल्या. त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला एकमेव चमत्कार हाच.

वर्ध्याला मुलगी झाली. बेताच्या वजनाची, आणि रडली अशी की वडनेरच्या आजीच्या घराण्याची ओळख पटली. काकूंनी गल्लीभर बर्फी वाटली. बायका म्हणाल्या, बघा, स्वतःची नात झाली तर हात कसा मोकळा झाला.

पेढा काढणारी सासू हे नाव मात्र काकूंना कायमचं चिकटलं. नात शाळेत जाऊ लागली तरी नव्या भाडेकरणींना पहिली गोष्ट हीच सांगितली जायची. काकू ऐकायच्या आणि त्यांना जेवण झालं का विचारायच्या.

त्या गेल्या तेव्हा मी आर्वीला बदलून गेलो होतो. तेराव्याला आलो. माजघर बायकांनी भरलेलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सूनबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लई जाच केला व तुले तिनं. भरल्या दिवसांत उपाशी ठेवलं."

सूनबाई पत्रावळी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"साखर माह्या लघवीत होती. उपाशी त्याईनं ठेवलंच नाई."