जांभळे डाग आणि तलावाचा वाटा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. सिंदेवाहीकडच्या एका गावात ते तलावात मासेमारी करायचे. तिथे जाळी ओढून झाली की सगळी मासळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एका जागी ओततात आणि पाण्यात उतरलेल्या प्रत्येक घराचा सारखा वाटा पडतो. जो उतरला नाही त्याला वाटा नाही. मी नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा मामांनी सगळ्यांना विनवून माझ्यासाठी एक वाटा मागितला. त्याची मासळी विकून मामा मला पैसे पाठवत. तो पदवीपर्यंतच द्यायचा, असं ठरलं होतं. मी पुढे एम. एस्सी.ला नाव घातलं आणि तो बंद होण्याची वेळ आली.

तो पन्नासच्या दशकाचा काळ. दुसऱ्या ग्रहांवर जीव असेल का, हा प्रश्न तेव्हा कुठे प्रयोगशाळेत शिरत होता. मंगळावरचे काळपट पट्टे वनस्पतींचे असतील का, याचा रशियात अभ्यास चालला होता. अमेरिकेत काचेच्या भांड्यात पाणी आणि काही वायू कोंडून ठिणग्या पाडल्या, तर सजीवांच्या शरीरात असतात तशी अमिनो आम्लं तयार झाली. पृथ्वीवर हे आपोआप घडलं असेल तर आणखी कुठेही घडू शकेल, असा त्याचा अर्थ. आमच्या सरांनी तो प्रयोग लहान प्रमाणात करायची मला परवानगी दिली.

बरेच दिवस ठिणग्या पाडल्या. मग त्या पाण्याचे थेंब गाळणकागदावर घेतले, कागद वाळवला आणि त्यावर निनहायड्रिन फवारलं. अमिनो आम्ल असेल तर त्याने जांभळा रंग येतो. जांभळे डाग उमटले. मी तडक पोस्टात जाऊन मामांना कार्ड टाकलं, प्रयोग साधला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद उजेडात धरला. थेंब टाकले होते तिथे कागद कोरा होता. डाग सगळे कडेला होते, आणि त्यांत बोटांच्या रेघा दिसत होत्या.

"काल काय जेवला होतास?" सरांनी विचारलं.

मामांनी पाठवलेले सुके झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, मी भाकरीशी खाल्ले होते आणि हात नुसत्या पाण्याखाली धरले होते.

"नुसत्या घामानेसुद्धा डाग पडतो," सर म्हणाले. "तू तर वर झिंगे लावलेस."

मागून एक वर्गमित्र म्हणाला, "मंगळावर जीव सापडला म्हणे. कांदा घालून परतला की मस्त लागतो."

सगळे हसले. सरही थोडे हसले. मी हात खिशात घातले.

पुढच्या सुट्टीत खरं सांगायचं ठरवूनच गावी गेलो. तलावावर वाटे पडत होते. ओल्या अंगाने माणसं थंडीत कुडकुडत उभी होती. मी इस्त्रीच्या पँटमध्ये पाळीवर आणि माझा वाटा माझ्यासमोर.

"काऊन बाबू, मंगळावर मासोया भेटते का?" जाळी आवरणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं. "तुया वाटा बंदच करून राह्यलो होतो. पन तुया मामा म्हने, पोरानं काचेत जीव बनवला. मंग कसा बंद करावं?"

"नाई जी, काईच बनलं नाई. ते माह्या हाताचे डाग होते."

"आयका," म्हातारा सगळ्यांकडे वळून म्हणाला. "शिकलेला मानूस असाच बोलते. मी केलं, असं म्हनत नाई."

मी पुन्हा सांगितलं. त्यांना तो माझा विनयच वाटला. मामा खूश होऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मान वर करायची मला लाज वाटली. नागपूरला परतल्यावर मी हे पत्र पाठवलं.

"मामाजी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र एकट्याने ऐकू नका. सगळे पाळीवर असतील तेव्हा शाळेच्या गुरुजींकडून वाचून घ्या. मी त्या दिवशी बोललो तो विनय नव्हता. भांड्यात काहीही तयार झालं नाही. जेवल्यावर मी हात नीट धुतले नाहीत आणि तीच बोटं कागदाला लावली. कार्ड टाकायची घाई माझी, त्यात तुमचा काही दोष नाही. सर पुन्हा प्रयोग कर म्हणतात. तेव्हाही काही निघेल असं मला सांगता येत नाही. सगळ्यांनी वाटा दिला तो मी जीव बनवला असं समजून. आता खरं काय ते ऐकून पुन्हा ठरवा. काहीच न निघालेल्या शिक्षणासाठी द्यावासा वाटला तर द्या, नाही तर बंद करा. बंद झाला तर माझ्यासाठी कुणाशी भांडू नका, मी इथे शिकवण्या बघेन. जे ठरेल ते गुरुजींकडून लिहवून कळवा.

तुमचा भाचा"